सॉफ्ट लुअरमध्ये परत परत खड्डे, बुडबुडे, अर्धवट शेपट्या येतायत? आधी खोट कुठे येतेय ते बघा

घरी प्लास्टिसॉल (लुअरचं द्रवरूप प्लास्टिक) वितळवून सॉफ्ट लुअर, म्हणजे मासे पकडायचं मऊ प्लास्टिकचं नकली आमिष, साच्यात इंजेक्ट करणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हे भोगावं लागतं, की काही पीस एकदम मस्त निघतात आणि मग मध्येच पाठीवर खड्डा यायला लागतो, नाहीतर पोटात बुडबुडे, नाहीतर शेपूट अर्धीच भरते. मग घाईत माणूस सगळंच एकदम बदलतो, तापमान वाढवतो, सॉफ्टनर (प्लास्टिक मऊ करणारं द्रव) ओततो, साचा घासून काढतो, आणि पुढचा पीस चांगला निघाला तरी नक्की कशाने निघाला ते कळत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी तोच त्रास परत. माझं ठाम मत आहे की यातल्या बहुतेक खोटी नुसत्या बघून ओळखता येतात, फक्त बघायचं कसं ते माहीत पाहिजे.

खराब पीस लगेच कपात टाकून परत वितळवू नका. ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ओळीत मांडा, साच्यात एकापेक्षा जास्त कॅव्हिटी, म्हणजे पीसच्या आकाराच्या पोकळ्या, असतील तर कुठला पीस कुठल्या कॅव्हिटीतला तेही वेगळं ठेवा. आता बघा, खोट प्रत्येक पीसवर अगदी त्याच जागी आहे का? असेल तर दोष साच्यात आहे किंवा साचा भरण्याच्या पद्धतीत आहे. खोट जागा बदलतेय, एकात डोक्यात, दुसऱ्यात पोटात, तिसऱ्यात नाहीच, असं असेल तर प्लास्टिकमध्ये नाहीतर इंजेक्टरमध्ये (प्लास्टिक साच्यात ढकलायच्या पिचकारीत) हवा किंवा ओलावा आहे. आणि खोट क्रमाने कमी होत जातेय किंवा वाढत जातेय असं दिसलं तर तो उष्णतेचा खेळ आहे, साचा तापत चाललाय नाहीतर कपातलं प्लास्टिक थंड होत चाललंय. एवढं केलं तरी अर्धी शोधाशोध वाचते.

आता थोडं प्लास्टिसॉलबद्दल, कारण हे समजल्याशिवाय पुढचं डोक्यात बसत नाही. प्लास्टिसॉल म्हणजे पीव्हीसीचे अतिशय बारीक कण तेलासारख्या प्लास्टिसायझरमध्ये तरंगत असतात, म्हणून ते गार असताना दुधाळ दिसतं. तापवायला लागलं की कण ते तेल शोषून फुगतात, सगळं घट्ट होतं, गुठळ्या होतात, आणि आणखी तापवलं की परत पातळ आणि पारदर्शक होतं. हे पूर्ण व्हायला साधारण १७५ अंश सेल्सिअसपर्यंत जावं लागतं. गुठळ्या गेल्या, आता झालं, असं समजून १५० च्या आसपास इंजेक्ट केलं तर पीस दिसायला ठीक असतो पण आतून कच्चा असतो, थोडा धुरकट दिसतो, ताणला की पटकन तुटतो आणि नंतर पृष्ठभागावर तेल सुटत राहतं. लोक याला सॉफ्टनर जास्त झालं असं समजतात, पण आधी तापमान तपासा.

तापमान तपासतानाही एक गोष्ट लक्षात घ्या, इन्फ्रारेड थर्मामीटर फक्त वरचा थर बघतो, आणि कपात वरचा थर थंड होऊन साय आलेली असते. म्हणून आधी तळापासून ढवळा आणि ढवळता ढवळताच रीडिंग घ्या, किंवा सरळ आत बुडवायचा प्रोब वापरा, मला प्रोबच जास्त भरवशाचा वाटतो. चकचकीत ॲल्युमिनियमच्या साच्यावर तर इन्फ्रारेडचं रीडिंग बऱ्याचदा खूप कमी येतं, त्यावर विसंबून साच्याचं तापमान ठरवू नका. मायक्रोवेव्हमध्ये करत असाल तर एका जागी जळतं आणि बाजूला कच्चं राहतं, त्यामुळे थोडं थोडं तापवायचं, प्रत्येक वेळी बाहेर काढून नीट ढवळायचं, आणि १५० च्या पुढे गेल्यावर तर अगदी दहा-पंधरा सेकंदांचेच हप्ते.

आणि बाटली. प्लास्टिसॉल ठेवून ठेवलं की पीव्हीसी खाली बसतं आणि वर नुसतं तेल राहतं. नीट न हलवता वरून ओतलं तर पहिले कप एकदम मऊ आणि शेवटचे कडक. एकाच रेसिपीने केलेले पीस वेगवेगळ्या दिवशी वेगळे लागतायत तर कारण बहुतेक हेच. तळाशी काठी घालून बघा, काही घट्ट लागतंय का, आणि ते पूर्ण मोडेपर्यंत हलवा.

आता खड्डे. सगळ्यात जास्त डोकेदुखी यांचीच, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही इथेच आहेत. गरम प्लास्टिसॉल थंड होताना आकसतं, हे टाळता येत नाही. साच्याच्या भिंतीला लागलेला थर आधी घट्ट होतो, आतला गाभा अजून पातळ असतो, मग तो गाभा थंड होताना आत ओढला जातो आणि जिथे वरचा थर सगळ्यात मऊ आहे तिथली कातडी आत जाते. बारीक वर्मला (गांडुळासारख्या लुअरला) हे फारसं जाणवत नाही, पण जाड पोटाच्या स्विमबेटला (माशाच्या आकाराच्या लुअरला) हमखास. म्हणजे उपाय एकच, पीस आकसत असताना त्याला मागून नवीन प्लास्टिक मिळत राहिलं पाहिजे. त्यासाठी साचा भरल्यावर लगेच इंजेक्टर काढायचा नाही, हलका दाब देऊन धरून ठेवायचा, बारीक पीसला पाच-दहा सेकंद पुरतात पण जाड बॉडीला अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्तही लागतं. इंजेक्टर काढल्यावर स्प्रू, म्हणजे ज्या तोंडातून प्लास्टिक आत जातं ते, काठोकाठ भरलेलं असू द्या आणि त्याच्याकडे बघत राहा, पातळी खाली जाताना दिसली तर वरून परत भरा. तो स्प्रू म्हणजे पीसची टाकी आहे, ती रिकामी झाली की खड्डा आलाच.

बऱ्याच जणांचं इथे म्हणणं असतं की आम्ही भरपूर वेळ धरून ठेवतो तरी खड्डा येतोच. तर एक परीक्षा करा, बाकी काही न बदलता फक्त धरून ठेवायचा वेळ दुप्पट करा. खड्डा लहान झाला तर वेळ कमी पडत होता, तो अजून वाढवा. खड्डा अजिबात बदलला नाही तर प्लास्टिक पोचतच नाहीये, म्हणजे स्प्रू आणि पीस यांच्यामधलं अरुंद तोंड, गेट, पीसच्या आधीच गोठतंय, मग तुम्ही वरून कितीही दाबा, काही उपयोग नाही. अशा वेळी गेट थोडं रुंद आणि खोल करावं लागतं, स्वतः केलेल्या साच्यात हे सहज जमतं. आणि गेट कुठल्या बाजूला आहे तेही बघा, ते जाड बाजूला, शक्यतो नाकाकडे पाहिजे. शेपटीकडून भरणारा साचा असेल तर बारीक शेपूट आधी गोठते आणि मागचं पोट उपाशी राहतं, तिथे धरून ठेवायच्या वेळेने फरक पडणार नाही, नवीन साचा करताना ही बाजूच बदला.

खड्ड्याचं दुसरं कारण अति गरम प्लास्टिक. जास्त गरम म्हणजे थंड होताना जास्त आकसणार. म्हणून जाड पीससाठी १७५ पर्यंत पूर्ण शिजवा आणि मग ढवळत ढवळत १६५ च्या आसपास येऊ द्या आणि तेव्हा इंजेक्ट करा. एकदा पूर्ण शिजलं की थोडं थंड होऊन वापरलं तरी ताकद कमी होत नाही, कच्चं राहण्याचा प्रश्न फक्त तिथपर्यंत न गेलेल्या प्लास्टिकचा.

एक पीस ब्लेडने मधोमध कापून बघायची सवय लावा, याने फार गोष्टी उलगडतात. सगळ्यात जाड भागात मध्यावर एकच मोठी वेडीवाकडी पोकळी दिसली तर ती हवा नाही, ती आकसण्यानेच झालेली पोकळी आहे, म्हणजे वरची कातडी घट्ट झाली आणि गाभा फाटला, उपाय खड्ड्याचाच. बारीक बारीक गोल बुडबुडे सगळीकडे विखुरलेले दिसले तर ती हवा किंवा ओलावा. आणि पृष्ठभागावर कडा स्पष्ट असलेला गुळगुळीत गोल खळगा दिसला तर साच्यात अडकलेली हवा. पसरट, कडा न कळणारा खड्डा म्हणजे आकसणं. हे तीन-चार प्रकार एकमेकांत मिसळले की माणूस बुडबुड्यांसाठी दाब वाढवत बसतो आणि खड्ड्यासाठी हवा काढायचं व्हॅक्यूम चेंबर विकत घेतो.

बुडबुड्यांचं बघू. बाटली जोरात हलवली की त्यात हवा मिसळतेच, मग लगेच कपात ओतून तापवलं तर ती हवा अडकते. हलवून झाल्यावर काही तास ठेवा, किंवा व्हॅक्यूम चेंबर असेल तर गार असतानाच हवा काढून घ्या, प्लास्टिसॉल भरपूर फुगून वर येतं म्हणून भांडं अर्ध्यापेक्षा कमी भरा. ढवळताना फेटू नका, हळू आणि तळाला धरून ढवळा.

पण हवेपेक्षा ओलावा जास्त त्रास देतो आणि तो धोकादायकही आहे. १०० अंशाला पाण्याची वाफ होते आणि आपण त्याच्या खूप वर काम करतोय, त्यामुळे पाण्याचा एक थेंबही कपात गेला की गरम प्लास्टिक अंगावर उडू शकतं आणि ते कातडीला चिकटून बसतं. ओलावा कुठून येतो? दमट झालेलं मीठ (लुअर लवकर बुडावा म्हणून प्लास्टिकमध्ये घालतात ते), उघडी राहिलेली ग्लिटरची डबी, ओल्या ढवळण्या, आणि सगळ्यात जास्त म्हणजे पाण्यात गार केलेले पीस आणि स्प्रूचे तुकडे परत वितळवायला घेणं. पाण्यात गार करत असाल तर परत वितळवायचा माल वेगळा काढा आणि एक-दोन दिवस पूर्ण सुकल्याशिवाय कपात टाकू नका, पुसून चालत नाही कारण शेपटीच्या घड्यांमध्ये पाणी राहतंच. मीठ वापरत असाल तर बारीक दळून गरम करून कोरडं करा.

प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा असेल तर बुडबुडे साच्यातूनच येतात, खास करून पीसच्या पृष्ठभागावर पुरळ उठल्यासारखे. वरून कोरडा वाटला तरी प्लास्टर आत खूप दिवस पाणी धरून ठेवतं. मंद उष्णतेवर किंवा हवेशीर जागी पूर्ण वाळवा आणि मग उष्णता सहन करणाऱ्या इपॉक्सीचे किंवा पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाचे दोन-तीन हात देऊन सील करा, प्रत्येक हात वाळला पाहिजे. सील उडालं की बुडबुडे परत सुरू, त्यामुळे जुन्या साच्यात अचानक त्रास सुरू झाला तर आधी त्याचा पृष्ठभाग तपासा.

इंजेक्टरमुळे येणारे बुडबुडे ओळखायची खूण अशी की ते कधी येतात कधी नाही. कपावर आलेली साय बाजूला करा, नोझल खोल बुडवा आणि प्लंजर (आतला दट्ट्या) हळूहळू खेचा, झटक्यात खेचलं की ओ-रिंगच्या (दट्ट्यावरच्या रबरी कड्याच्या) बाजूने हवा आत शिरते. भरल्यावर नोझल क्षणभर वर करून थोडं प्लास्टिक परत कपात सोडा म्हणजे पुढची हवा निघून जाते, मग नोझल खाली करून साच्याला लावा. आणि इंजेक्टर कधीच पूर्ण रिकामा करू नका, नोझल खाली असताना उरलीसुरली हवा प्लंजरजवळ जमते आणि शेवटच्या धारेबरोबर तीच पीसमध्ये जाते. प्लंजर सैल किंवा खरखरीत वाटत असेल तर ओ-रिंग बदला, मीठ असलेलं प्लास्टिक वापरणाऱ्यांच्या ओ-रिंग लवकर झिजतात. वर्म ऑइलचा (लुअरला लावायच्या तेलाचा) हलका हात दिला की प्लंजर मोकळा चालतो. थंड इंजेक्टरमध्ये पहिलं प्लास्टिक भिंतीला गोठतं आणि त्याचे तुकडे नंतर पीसमध्ये दिसतात, म्हणून पहिली भर नुसती आत घेऊन परत कपात सोडायची.

शेपूट अर्धी भरतेय, पाय भरत नाहीयेत, तर क्रम बघा. पहिले काही पीस अर्धवट आणि मग आपोआप ठीक, म्हणजे साचा थंड होता, मंद हॉटप्लेटवर ५०-६० अंशापर्यंत गरम करून सुरुवात करा. थंड साच्यात पृष्ठभागावर सुरकुत्या आणि वाहण्याच्या रेघाही दिसतात. आधी ठीक आणि कप संपत आला की अर्धवट, तर प्लास्टिक थंड झालंय, परत गरम करा. पण पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच शेपूट तिथेच अर्धी, तर आत हवा कोंडतेय. खात्री करायची असेल तर साच्याचा क्लॅम्प अगदी किंचित सैल करून एक पीस काढा. शेपूट पूर्ण भरली, भले बाजूने पातळ पापुद्रा येऊ दे, तर व्हेंट, म्हणजे हवा बाहेर जायचा बारीक मार्ग, नाहीये किंवा बुजलाय. शेपटीच्या टोकापासून साच्याच्या कडेपर्यंत धारदार सुईने एक बारीक ओरखडा काढा, खोली कागदाच्या जाडीपेक्षा कमी ठेवा आणि थोडाथोडाच वाढवा, कारण गरम प्लास्टिसॉल खूप पातळ असतं आणि व्हेंट खोल झाला की तिथून मिशी फुटते, जी मग आयुष्यभर कापत बसावी लागते.

वेगाबद्दल एवढंच, एकसारखा आणि मध्यम. जोरात मारलं की धार थेट टोकाला जाते आणि हवा मागे अडकते, फार हळू भरलं की रेघा पडतात.

पीसच्या कडेला पापुद्रा, म्हणजे फ्लॅश, येतोय तर आधी साच्याच्या दोन्ही भागांमध्ये गोठलेला एखादा कण अडकलाय का बघा, बहुतेक वेळा तोच असतो. मग क्लॅम्प सगळीकडून सारखा घट्ट आहे का ते. फ्लॅश जसजसे पीस काढता तसतसा वाढत असेल तर साचा फार तापलाय, त्याला विश्रांती द्या, किंवा दोन साचे आलटून पालटून वापरा. तापलेल्या साच्यातून घाईत काढलेला पीस वाकडाही होतो.

पिवळेपणा. पारदर्शक प्लास्टिक प्रत्येक वेळी वितळवल्यावर थोडं पिवळं पडतं, हीट स्टॅबिलायझरचे काही थेंब टाकले तर ते लांबतं, पण थांबत नाही, म्हणून परत परत वापरलेला माल काळा, गडद हिरवा, तपकिरी अशा गडद रंगात वळवा. २०० अंशाच्या दिशेने गेलं की प्लास्टिसॉल जळायला लागतं आणि पीव्हीसीमधून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, नाकाला झोंबणारा तिखट वास येतो. तो वास आला की ढवळत बसू नका, उष्णता बंद करा, जागेतून बाहेर पडा आणि हवा खेळू द्या, कप नंतर बघता येईल. रोजच्या कामातही खिडकी उघडी आणि पंख्याने धूर बाहेर जाईल अशी जागा, ॲसिड गॅस आणि ऑर्गॅनिक व्हेपर दोन्हींचे कार्ट्रिज असलेला मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे, उष्णता सहन करणारे हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. साधा कापडी मास्क या वायूला अडवत नाही. जेवणाचा मायक्रोवेव्ह आणि भांडी यासाठी वापरू नका, घरात लहान मुलं असतील तर तर नाहीच नाही.

ग्लिटर एका बाजूला जमतंय? ते जड असतं, खाली बसतं. इंजेक्टर भरायच्या अगदी आधी तळातून ढवळा, आणि प्लास्टिक थोडं थंड, म्हणजे थोडं घट्ट असताना भरा. ग्लिटरचा रंग उतरत असेल किंवा पाती वळत असतील तर ते उष्णता सहन करणारं नाही, कितीही जपलं तरी टिकणार नाही. मिठाचंही तसंच, जास्त मीठ घातलं की लुअर लवकर बुडतो पण गळाला लावल्यावर लवकर फाटतो, त्यामुळे पीस फाटतोय म्हणून हार्डनर (प्लास्टिक कडक करणारं द्रव) टाकायच्या आधी मीठ कमी करून बघा.

काढलेले पीस सपाट जागी सरळ ठेवा आणि निदान एक दिवस तसेच राहू द्या, गरम असताना एकावर एक टाकले की शेपट्या वाकतात आणि पाण्यात नीट हलत नाहीत. वाकलेली शेपूट जवळजवळ उकळत्या पाण्यात काही सेकंद धरून सरळ केली आणि लगेच गार पाण्यात बुडवली की बहुतेक वेळा सुधारते, फक्त असे पीस वितळवायच्या ढिगात ओले जाऊ देऊ नका. ठेवताना कडक पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात टाकू नका, प्लास्टिसायझर त्यातल्या बऱ्याच डब्यांना विरघळवतो आणि सगळं चिकट होतं, पॉलिथिनच्या पिशव्या सुरक्षित. जास्त ताणणाऱ्या टीपीई (वेगळ्या रबरी प्लास्टिकच्या) प्रकारच्या लुअरबरोबर तर हे एका पिशवीत अजिबात नको, दोन्ही वितळून एकमेकांना चिकटतात. आणि लाल, फ्लोरोसंट असे पसरणारे रंग पांढऱ्या किंवा पारदर्शक पीससोबत ठेवले तर रंग दुसऱ्यात उतरतो आणि तो परत निघत नाही, म्हणून प्रत्येक रंगाला वेगळी पिशवी.